डायपर सोडवायचंय, पण माझंच मन होत नाही

इतर आईबाबाही हे वाचतील, म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगी सव्वादोन वर्षांची, एकुलती एक, दुसरं नको असं तुम्हा दोघांचं ठरलेलं. तुमची नोकरी अंबडच्या कंपनीत, घर पाथर्डी फाट्याला, दिवसभर लेकीजवळ सासूबाई असतात. गेले काही आठवडे डायपर सोडवायचं चाललंय. लेक दोन-दोन तास कोरडी राहते, शू होऊन गेल्यावर ओल्या चड्डीकडे बोट दाखवते, शी आली की पडद्यामागे जाऊन उभी राहते. जावेचा मुलगा दीड वर्षाचा असतानाच सांगायला लागला होता, हे घरात रोज ऐकावं लागतं. आणि परवा लेकीने पहिल्यांदा पॉटीवर शू केली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तुम्ही मात्र मोरीत जाऊन रडलात. असं का होतं, मी वाईट आई आहे का, आणि आता पुढे काय करू, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मधल्या प्रश्नाचं उत्तर नाही. बाकीच्या दोन प्रश्नांना जरा वेळ लागेल.

लहान मुलांची डॉक्टर म्हणून नाशकात माझी बरीच वर्षं गेली. डायपरबद्दल विचारायला येणाऱ्या आया आधी रॅश, खर्च, शाळेचा नियम असं सगळं बोलतात. मनातलं बहुतेक वेळा उठताना, पिशवी खांद्याला लावता लावता निघतं: "एवढ्या लवकर मोठी होईल असं वाटलं नव्हतं हो." दूध सुटतं तेव्हा हे बोलायची मुभा असते, आजूबाजूच्या बायकाही दोन शब्द बोलतात. डायपर सुटताना मात्र आईने फक्त सुटकेचा श्वास सोडावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. शी-शू काढण्यात कसली आलीये माया, असं म्हणून तो विषय हसण्यावारी जातो. म्हणून तुम्ही रडायला मोरी गाठलीत.

तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी कामावरून आल्यावर डायपर बदलताना ती पलंगावर आडवी पडते, तुमचं मंगळसूत्र ओढते आणि दिवसभरात काय काय झालं ते तिच्या बोबड्या भाषेत सांगते. तेवढा वेळ ती फक्त तुमची असते. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. दिवसभर बाहेर असलेल्या आईच्या वाट्याला मुलाला हात लावून करायची जी मोजकी कामं येतात, त्यातलं हे एक. आंघोळ सासूबाई घालतात, जेवण त्या भरवतात, दुपारी त्याच झोपवतात. मग उरलेलं एक कामही जाणार म्हटल्यावर पोटात कालवलं तर नवल नाही. त्यात हे शेवटचं मूल. पुन्हा कधी घरात डायपरचं पाकीट येणार नाही, हे मनाला कळतं आणि ते मन आवंढा गिळतं.

यावर माझा उपाय अगदी साधा आहे. डायपर जाईल, तो वेळ जाऊ देऊ नका. संध्याकाळी आल्यावर हातपाय धुवा आणि तिला त्याच पलंगावर, त्याच जागी आडवी करून पायांना तेल चोळा, कपडे बदला, गप्पा मारा. झोपताना रात्रीचं डायपर तसंही अजून बरेच महिने लागणार आहे, ते तुम्हीच बांधा. सासूबाईंना स्पष्ट सांगा की एवढं काम माझं. त्या ऐकतील. बहुतेक आज्यांना हे सांगितलेलं कळतं, कारण त्यांनीही ते कधीतरी अनुभवलेलं असतं.

दुसरी गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. सोफ्यावर शू झाली, तुम्ही जोरात ओरडलात, ती घाबरून गप्प झाली आणि रात्री तुम्हाला झोप लागली नाही. एकदा ओरडण्याने मुलाच्या मनावर कायमचा ओरखडा उठत नाही. दुसऱ्या दिवशी जवळ घेऊन "काल आई फार जोरात ओरडली, शू झाली तर काही होत नाही" एवढं म्हटलं की पुरे. धोका असतो तो रोजच्या टोमण्यांचा. "एवढी घोडी झाली तरी कळत नाही", "बघ, दादा कसा सांगतो", आणि शी बघून नाक मुरडणं. सव्वादोन वर्षांच्या मुलाला आपली शी ही आपल्याच शरीराचा तुकडा वाटते. तिच्याकडे बघून घरातली माणसं तोंड वाकडं करतात म्हणजे माझ्यातच काहीतरी घाण आहे, एवढंच त्याला समजतं. मग ते शी लपवायला लागतं, आणि लपवता लपवता धरून ठेवायला. त्याबद्दल पुढे सांगतेच.

आता जिथे खरी अडचण दिसते तिथे येते. तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय की शनिवार-रविवार डायपर काढता, सोमवारी घाईत पुन्हा घालता. दुपारी सासूबाई ते काढतात. संध्याकाळी पाहुणे येणार असले, किंवा तुम्हाला तिची 'बाळ' म्हणून आठवण येत असली (हे शब्द तुमचेच), की तुम्ही पुन्हा बांधता. म्हणजे दिवसातून दोनदा नियम बदलतो आणि तो बदलतो मोठ्यांच्या मनःस्थितीवर. मुलीला कळायचं कसं? तिच्या दृष्टीने शू कुठे करायची हा प्रश्न शू आली की नाही यावर नाही, घरात आत्ता कोण आहे यावर अवलंबून आहे. तुमचं मन दोन्हीकडे ओढलं जातं, ते जाऊ दे. मन एका बाजूला असायलाच हवं असं काही नाही. फक्त डायपर बांधायचं की नाही हे त्या मनाने ठरवू नये. ते लेकीच्या खुणांवरून एकदा ठरवावं आणि ठरलेलं निदान दोन आठवडे सगळ्यांनी एकसारखं पाळावं.

खुणांचं सांगायचं तर तुम्ही दिलेल्या तिन्ही चांगल्या आहेत. या वयात मूत्राशयात साधारण १२० मिली मावतं. डॉक्टर मंडळी वयात दोन मिळवून तीसने गुणतात तो हा ढोबळ आकडा. दोन तास कोरडं राहणं म्हणजे मूत्राशय थोडं साठवायला शिकलंय. ओली चड्डी दाखवणं म्हणजे झालेलं कळतंय. पडद्यामागे जाणं तर आणखी पुढची पायरी, कारण तिथे शी यायच्या आधी कळतंय. याशिवाय दोन-तीन गोष्टी बघा: स्वतःची चड्डी खाली ओढते का, साधं सांगितलेलं ऐकून करते का ("चप्पल आण" एवढं पुरे), पाटावर दोन-तीन मिनिटं स्वस्थ बसते का. हे असेल तर मुलगी तयार आहे. मूल १८ महिन्यांचं झाल्यापासून तीन वर्षांचं होईपर्यंत हे कधीही येऊ शकतं, आणि पुढेमागे झालं म्हणून बुद्धीशी त्याचा काही संबंध लावू नये.

जावेच्या मुलाबद्दल घरात जे ऐकवलं जातं ते मला खोटं वाटत नाही. आमच्या आज्या पाय जोडून बसायच्या, पावलांवर बाळाला बसवायच्या आणि 'शूऽऽ' करायच्या. बाळ करायचंही. दिवसभर घरात माणूस, अंगात झबलं आणि लंगोट, ओलं झालं की लगेच कळणार, आणि बाळुती धुवायचा रोजचा ढीग कमी करायची निकड. अशा घरात बाळाच्या चेहऱ्यावरून मोठ्या माणसाला कळायचं आणि ते वेळेवर धरायचं. पद्धत चांगलीच आहे, पण तिच्यात लक्ष ठेवण्याचं काम मोठ्या माणसाचं असतं. मुलाने स्वतः ओळखून, थांबवून, सांगून, जागेवर जाऊन करणं ही निराळी गोष्ट आहे आणि तिला मेंदूची वाढ व्हावी लागते. आताच्या डायपरमधली पावडर शू शोषून तिचा जेल करते, त्यामुळे ओलं लागतच नाही. ज्या जाणिवेवर आजीचं सगळं शिक्षण उभं होतं ती जाणीवच डायपर पुसून टाकतं. म्हणून दिवसा साधी सुती चड्डी घाला. या एका बाबतीत सासूबाईंची बाजू घ्यायला हरकत नाही.

लवकर मागे लागून फायदा होतो का, यावर अभ्यास झालेले आहेत. ब्रॅझल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदींवरून दाखवलं की मुलाच्या कलाने घेतलं तर बहुतेक मुलं फारशी रडारड न होता शिकतात. २००३ मध्ये अमेरिकेतच दुसरा एक अभ्यास आला. त्यात २७ महिन्यांच्या आधी जोर लावून सुरुवात केलेली मुलं लवकर मोकळी झाली नाहीत, नुसता शिकण्याचा काळ लांबला. तिथे जोर लावणं म्हणजे काय धरलं होतं ऐका: दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा मुलाला शू-शीसाठी विचारणं. आपल्याकडे तेवढं तर सकाळच्या चहापर्यंत होतं. तुमची मुलगी आता नेमकी २७ महिन्यांची आहे, तेव्हा काही उशीर झालेला नाही.

तर करायचं काय. तुम्हाला सलग तीन-चार दिवस घरी राहता येईल असा मुहूर्त बघा आणि त्या दिवशी सकाळी दिवसाचं डायपर बंद करा. शक्य असेल तर कडाक्याची थंडी आणि मुसळधार पाऊस टाळा. थंडीत घाम कमी म्हणून शू जास्त, आणि पावसाळ्यात चड्ड्या वाळत नाहीत. नाशकात फेब्रुवारी-मार्चइतका सोयीचा काळ नाही, गॅलरीत टाकलेलं दुपारपर्यंत खडखडीत होतं. पण लेक स्वतःहून मागे लागली असेल तर ऋतू बघत बसू नका. इलॅस्टिकच्या डझनभर चड्ड्या आणा. जीन्स, नाडीचे पायजमे, डांग्री काही दिवस कपाटात राहू द्या.

"शू आली का?" हा प्रश्न घरातून हद्दपार करा. त्याचं उत्तर कायम "नाही" असतं, आणि मिनिटभराने फरशीवर तळं. विचारण्याऐवजी दिवसाला वेळा बांधा. उठल्यावर, जेवणानंतर, बाहेर निघताना, झोपायच्या आधी. "जेवण झालं, चल बसू या," बस्स. पोटात अन्न गेलं की आतड्यांना आपोआप हालचाल सुरू होते, म्हणून जेवणानंतरचा अर्धा तास शीसाठी सगळ्यांत चांगला. तीन ते पाच मिनिटं बसवा. काही झालं नाही तर उठवा, चेहऱ्यावर काही दाखवू नका. हातात मोबाइल देऊ नका. मोबाइल असला की मूल अर्धा तास बसतं हे खरं, पण खाली काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो.

कमोडवर बसवणार असाल तर वर लहान सीट लावा आणि पायांखाली पाट ठेवा. पाय लोंबकळत असले की मुलाला जोर करता येत नाही, आणि त्या मोठ्या भोकात आपण पडू अशी धास्तीही असते. जमिनीवरची छोटी पॉटी सुरुवातीला उत्तम, कारण पाय टेकतात आणि बैठक उकिडवी होते. फ्लश ती बाहेर गेल्यावर करा, त्या आवाजाला बरीच मुलं दचकतात. थंडीत सकाळी जेट स्प्रेचं गार पाणी अंगावर मारून मुलाचा संडासवरचा विश्वास एका फटक्यात उडालेला मी पाहिलाय. कोमट पाण्याचा तांब्या बरा. मुलगी आहे म्हणून धुताना आणि पुसताना हात नेहमी पुढून मागे, नाहीतर शीतले जंतू लघवीच्या मार्गात जातात. सासूबाईंनाही हे एकदा करून दाखवा.

टाळ्यांचं प्रकरण कमी करा. काही मुलांना ते आवडतं, काहींना सगळं घर आपल्या शूकडे बघतंय याचंच दडपण येतं. "शू पॉटीत केलीस, छान" एवढं पुरतं. खाली झाली तर "खाली झाली, चल, चड्डी बदलू" म्हणायचं आणि ओली चड्डी तिच्या हातून बादलीत टाकायची, शिक्षा म्हणून नाही, कामाचा भाग म्हणून. वणीला जायचं असेल किंवा कसारा घाटातून मुंबई, तर प्रवासापुरतं डायपर बिनधास्त घाला आणि तिला सांगा की ही गाडीतली चड्डी आहे. घरी पोचल्याबरोबर काढा. हा नियम तिला समजतो, कारण तो रोज बदलत नाही.

दोन आठवड्यांत ती रडायला लागली, पॉटी बघून पाय ताठ करायला लागली, किंवा शी धरून ठेवायला लागली तर सरळ थांबा. सगळ्या घराने मिळून थांबायचं, महिना-दोन महिने विषय काढायचा नाही. ठरवून थांबणं आणि रोज डायपर घालणं-काढणं, यांत फार फरक आहे. घर बदलणं, घरात आजारपण, सांभाळणारं माणूस बदलणं, अशा वेळीही सुरुवात करू नका.

आता तो पडदा. बरीच मुलं शी करताना आडोसा शोधतात, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. हळूहळू पॉटीच त्या पडद्याजवळ नेऊन ठेवा. पण एवढं बघा की ती तिथे शी करायला जाते की थांबवायला. पाय आवळून, चवड्यांवर उभं राहून, चेहरा लाल करून मूल उभं असलं की घरच्यांना ते जोर करतंय असं वाटतं. पुष्कळदा ते शी आत ढकलत असतं. एकदा कडक शीने दुखलं की मूल पुढच्या वेळी धरून ठेवतं, धरल्याने शी आणखी मोठी आणि कडक होते, ती आणखी दुखते. हे चक्र चालू राहिलं तर आतडं ताणून सैल पडतं, आल्याची जाणीव बोथट होते आणि कडक शीच्या बाजूने पातळ शी चड्डीत गळत राहते. घरचे त्याला जुलाब समजतात किंवा आळशीपणा म्हणून मुलाला रागवतात. दोन्ही चूक. डायपर सोडवताना जी घरं मेटाकुटीला येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मूळ दुखणं बद्धकोष्ठतेचं असतं. अशा वेळी आधी पोट, मग पॉटी.

तिची शी रोज किंवा दिवसाआड मऊ होत असेल तर काही करायला नको. खडे होत असतील तर पहिला प्रश्न दुधाचा. दिवसभरात अर्ध्या लिटरच्या वर दूध आणि सोबत बिस्किटं असा खुराक असला की पोट भरतं, भाजी-भाकरीला जागाच राहत नाही, आणि शरीरातलं लोहही कमी होतं. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणा. पपई, पेरू, भिजवलेलं अंजीर, डाळीतला पालक, पाणी वेळेवर. द्राक्षांच्या हंगामात द्राक्षं भरपूर द्या, पण प्रत्येक द्राक्ष उभं चिरून चार फोडी करूनच. अख्खं द्राक्ष या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकतं, आणि आपल्या गावात ते वाटीभर समोर ठेवायची सवय आहे. एवढ्यानेही मऊ झालं नाही तर डॉक्टरांकडून औषध घ्या आणि ते सांगतील तितके आठवडे द्या. "औषधाची सवय लागेल" म्हणून चार दिवसांत बंद केलं की सगळं पहिल्यापासून. विड्याच्या पानाचा देठ, साबणाची कांडी, एरंडेलाचा चमचा, यांतलं काहीही नको. त्या जागेला हात लावला की मुलाची भीती दुप्पट होते, आणि धरून ठेवणंही.

रात्रीचा विचार आत्ता करूच नका. झोपेत कोरडं राहणं शिकवता येत नाही, ते शरीर पिकलं की येतं. पाच वर्षांच्या मुलांत साधारण १५ टक्के मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. आई किंवा वडील लहानपणी उशिरापर्यंत करत असतील तर मुलातही ते दिसतं. सासूबाईंना तुमच्या नवऱ्याबद्दल हे जरूर विचारा.

त्यावरून आठवलं. एवढं सविस्तर लिहिलंत, पण तिचे बाबा या सगळ्यात काय करतात ते त्यात कुठेही नाही. जबाबदारी तुमची आणि सासूबाईंची, ओरडणं तुमचं, रडणंही तुमचं. सुट्टीच्या दिवसांची सगळी शी-शू त्यांच्याकडे द्या, धुण्यापुसण्यासकट. तुमचा राग निम्मा थकव्याचा आहे, तो तिथेच कमी होईल.

डॉक्टरांना कधी दाखवायचं तेही सांगून ठेवते. शू करताना दुखणं, कारणाशिवाय ताप, शीत रक्त, शूची धार अगदी बारीक असणं किंवा सारखं थेंब थेंब गळत राहणं. चार वर्षं पूर्ण झाल्यावरही दिवसा जमत नसणं. आणि नीट कोरडं राहायला लागलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं, सोबत पाणी फार पीत असेल आणि वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या.

राहता राहिला जूनमधला प्लेग्रुप आणि त्यांची 'डायपर चालणार नाही' ही अट. प्रवेश घेताना विचारा की शू झाली तर कपडे कोण बदलतं, मुलांना संडासला कोण नेतं, मधल्या सुट्टीशिवाय जाऊ देतात का. उत्तर देताना समोरच्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या तर दुसरा प्लेग्रुप बघा. आणि ऑफरमध्ये मिळणाऱ्या डायपरच्या मोठ्या पाकिटाचं विचारलंय, तर ते घ्या. रात्रीला लागणारच आहे. फक्त एक माप मोठं घ्या.